घरीच तर असते!

कुरियर येणार असेल, नळ गळत असेल, शेजारच्यांना किल्ली ठेवायला जागा हवी असेल, की आपल्या तोंडी एक वाक्य हमखास येतं. "अहो, ती घरीच तर असते!" म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. ऐकणाराही मान डोलावतो. आणि जी घरी असते तिला विचारायची गरज कुणालाच वाटत नाही.

ही हकिगत अशाच एका घराची. खाली चष्म्याचं दुकान, वर राहायच्या तीन खोल्या. दुकानाचे मालक स्वतःच डोळे तपासत, काचा घासून फ्रेममध्ये बसवत, वाकड्या झालेल्या दांड्या सरळ करून देत. गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. माणूस सज्जन, बोलका आणि लेकीवर जीव टाकणारा. त्यांची बायको एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची ती संध्याकाळी पाय ओढत परत यायची.

एकुलती एक मुलगी पदवी घेऊन एका विमा कंपनीच्या कचेरीत लागली होती. अपघाताचे दावे नाकारल्याची पत्रं टाइप करून पाठवायची, हे तिचं काम. लोक फोन करून विचारायचे, आमचा दावा का नाकारला? तिला कारण ठाऊक असायचं, पुष्कळदा ते चुकीचं आहे हेही कळायचं. पण बोलायची परवानगी नव्हती. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायचंय. मला वकील व्हायचंय."

चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला, इतका आनंद झाला. "होऊन जा! आपल्या सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. तू काळा कोट घालून चढ!"

कायद्याच्या महाविद्यालयात जायचं तर आधी प्रवेश परीक्षा. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक क्लास होता. ती दोन-चार दिवस जाऊन बसली आणि परत आली. म्हणाली, "तिथे सगळ्यांना एकाच काठीने हाकतात. मला तर्काचे प्रश्न पटकन सुटतात, पण लांब उतारे वाचायला वेळ लागतो. मी नोकरी सोडते आणि घरीच अभ्यास करते. माझ्या गतीने."

"कर की," बाबा म्हणाले. "घरासारखी जागा नाही. कुणाचा त्रास नाही, जायचं-यायचं नाही. आपल्या सवडीने करायचं."

सवड! या शब्दाचा अर्थ त्या घरात प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला, आणि तिथेच घोळ झाला.

मुलीने मात्र बैठक मारून वेळापत्रक आखलं. सकाळी डोकं ताजं असताना लांब उतारे. पानभर मजकूर वाचायचा आणि लेखक काय म्हणतोय, काय म्हणत नाहीये, हे नेमकं ओळखायचं. दुपारी कायद्याचे तर्क: एक नियम दिलेला, एक घटना दिलेली, आता सांगा दोषी कोण. संध्याकाळी वर्तमानपत्रं. जे कच्चं आहे त्याला जास्त दिवस, जे पक्कं आहे त्याला कमी. आणि दर रविवारी एक अख्खी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, मध्ये न उठता. असं वेळापत्रक क्लासवाल्यांनाही जमलं नसतं. त्यात एकच गोष्ट धरायची राहिली होती, ती म्हणजे घंटा.

दुकानातून वर घरात एक विजेची घंटा नेलेली होती. जिना चढायला नको म्हणून चष्मेवाल्यांनी ती फार पूर्वी बसवून घेतली होती. एकदा वाजली की चहा. दोनदा वाजली की खाली ये. आवाज असा कर्कश, की झोपलेला माणूस ताडकन उठून बसावा. मुलगी कचेरीत जायची तेव्हा दिवसभर ती घंटा मुकी असायची, कारण वर ऐकायला कुणी नसायचं. बाबा समोरच्या टपरीवरून चहा मागवत, काउंटर सोडून कुठे जायचं असेल तर शटर अर्धं ओढून जात. त्यांचं काही अडत नव्हतं.

आता वर कुणीतरी होतं.

"वकीलसाहेब, जरा दोन मिनिटं काउंटरवर बस, मी काचा घेऊन येतो." "वकीलसाहेब, बाईंना या फ्रेम दाखव गं, तुला चांगलं कळतं." गिऱ्हाइकांसमोर ते तिला कौतुकाने वकीलसाहेब म्हणत, आणि वकीलसाहेब पेन उघडं टाकून जिना उतरत. आईचा इस्पितळातून फोन यायचा, "गॅसवाला येऊन जाईल, घरीच आहेस ना?" शेजारच्या काकू आपली पार्सलं हिच्याच नावावर मागवू लागल्या. समोरच्या काकांनी तर नळवाल्याला परस्पर हिचा फोन नंबर देऊन टाकला. कुणी जबरदस्ती केली नाही बरं का! सगळे गोड बोलून, "तुला वेळ असेल तेव्हा" म्हणून सांगायचे, आणि लगेच वाट बघत उभे राहायचे.

मुलगी हुशार होती. तिने कुरकुर केली नाही, वेळापत्रक बदललं. लांब उतारे पुरे होईनात म्हणून तिने ते तोडले; दूध तापत ठेवायचं आणि ते वर येईपर्यंत अर्धा उतारा. उरलेला अर्धा पुढच्या चहानंतर. तर्काचे प्रश्न ती जिन्यात सोडवू लागली. रविवारची अख्खी प्रश्नपत्रिका आधी दुपारवर गेली, मग तिचे तुकडे झाले, कारण रविवारी दुकानात गर्दी. ती आईला अभिमानाने सांगायची, "आता मला कुठेही, कितीही थोड्या वेळात अभ्यास जमतो." आई दमलेली असायची. "शहाणी माझी बाय ती," म्हणून आयता मिळालेला चहा पिऊ लागायची.

दुकानात एक जुनं गिऱ्हाईक येई. कायद्याच्या महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, सगळे ज्यांना नुसतं बाई म्हणत अशा. एकदा त्या चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आल्या असताना चष्मेवाल्यांनी लेकीचं कोडकौतुक सांगितलं.

"सबंध प्रश्नपत्रिका एका बैठकीत सोडवते का?" बाईंनी विचारलं.

"बैठकीचं काही विचारू नका. दिवसभर वहीपुस्तक सुटत नाही तिचं."

"ते वेगळं. माझ्याकडे पाठवा रविवारी. माझं घर शांत आहे. मी घड्याळ घेऊन बसते समोर."

"रविवार नको हो बाई," चष्मेवाले हसून म्हणाले. "रविवारी तीच तर माझा उजवा हात असते." आणि त्यांनी बाईंसाठी चहा सांगायला घंटा दाबली. बाईंनी वर छताकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे. पण दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं, म्हणून त्या चहा पिऊन निघाल्या.

परीक्षा झाली. "बरी गेली," एवढंच सांगून मुलगी स्वयंपाकघरात गेली. निकाल लागला तेव्हा तिचं नाव प्रवेशाच्या रेषेच्या थोडंसं खाली होतं. खूप खाली असतं तर तिलाही सोपं गेलं असतं.

घरात कुणी तिला बोललं नाही. चष्मेवाले भेटेल त्याला सांगत, "अभ्यास भरपूर केला हो पोरीने. नशिबात नव्हतं." कधी कधी, ती समोर नसताना, आवाज खाली आणून म्हणत, "घरी बसून शिस्त राहत नाही, खरं सांगायचं तर. क्लासच लावायला हवा होता." मुलीने त्या दिवसांत जुन्या कचेरीत अर्ज केला. तिची जागा भरली होती, पण त्याखालची एक रिकामी होती. ती मिळाली. पुस्तकं तिने बांधून कपाटावर टाकली. वेळापत्रकाचा कागद भिंतीवरून काढला तेव्हा त्याच्या चार कोपऱ्यांबरोबर भिंतीचा रंगही निघाला. घरात एक सुतकी शांतता पसरली. ती आधीइतकंच काम करत होती, विचारलं तर उत्तर देत होती, फक्त आपण होऊन एक शब्द बोलत नव्हती.

नोकरीवर हजर व्हायला थोडे दिवस उरले होते. एका सकाळी दुकानात एक आई आपल्या मुलीला घेऊन नंबर तपासायला आली. मुलगी चुणचुणीत, बडबडी. चष्मेवाल्यांनी सहज विचारलं, काय शिकतेस?

"कायद्याला जाणार. परीक्षा पास झाले ना!"

"अरे वा," चष्मेवाले म्हणाले. "अवघड होती म्हणे."

"अवघड होती, पण आमच्या वर्गात एक गंमत झाली काका!" ती मुलगी आधीच हसायला लागली. "परीक्षा एका शाळेत होती. तिथे दर तासाला घंटा व्हायची. पहिली घंटा झाली, दोनदा, कर्रर्र कर्रर्र. आणि माझ्या पुढच्या बाकावरची ताई ताडकन उठून उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, 'आले बाबा!' आणि चालायलाच लागली हो दाराकडे! सर म्हणाले, अहो कुठे? तेव्हा ती भानावर आली. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सरसुद्धा हसले. बिचारी लालेलाल झाली. नंतर तिने काही लिहिलंच नाही बराच वेळ. सारखी भिंतीवरच्या घंटेकडे बघत बसली होती."

"कसली वेंधळी असतात एकेक," तिची आई म्हणाली.

चष्मेवाल्यांचं बोट त्या वेळी कुठे होतं, ठाऊक आहे? गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या फ्रेम दाखवायला मदत हवी म्हणून त्यांनी नुकतीच घंटा दाबली होती. दोनदा. बोट अजून बटणावरच होतं. आणि जिन्यावर पावलं वाजली.

मुलगी दारात आली. त्या बडबड्या मुलीने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू विरलं. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग चष्मेवाल्यांची लेक नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कुठल्या दाखवू, बाबा? प्लास्टिकच्या की धातूच्या?"

अरेरे! बापाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि ते घरी न जाता बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. जे ऐकलं होतं ते कसंबसं सांगितलं. सांगून झाल्यावर, माणसाचा स्वभाव बघा, पहिलं वाक्य स्वतःच्या बचावाचंच आलं. "पण बाई, मी तिला अभ्यासाला कधी नाही म्हटलं का? कधी एका शब्दाने अडवलं का?"

"नाही अडवलंत," बाई म्हणाल्या. "अडवलं असतंत तर ती भांडली असती. तुम्ही हो म्हणालात आणि मग थोडाथोडा करून तिचा दिवस उचलून नेलात."

"दोन मिनिटांचं तर काम असायचं!"

"दोन मिनिटांचं? बरं. तुमच्याच धंद्यातलं विचारते. तुम्ही पडदा ओढून अंधार करता, माणसाला समोरची अक्षरं वाचायला लावता, काचा बदलून बदलून बघता. तेवढ्यात कुणी पडदा सरकवला आणि उजेड आत आला, तर काय करता?"

"थांबावं लागतं. डोळे पुन्हा अंधाराला सरावले की मग पुढे."

"पडदा किती वेळ उघडा राहिला असतो?"

"क्षणभर... पण त्यावर नसतं ते अवलंबून."

"डोळ्यांना तुम्ही वेळ देता. मनाला का देत नाही? दिवसभर कुणीतरी तिचा पडदा सरकवत होतं, आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून. बरं, नुसता वेळ गेला असता तर तिने तो भरून काढला असता. तुम्ही तिला दुसरंच काहीतरी शिकवलंत. आवाज झाला की उठायचं. तिने दोन अभ्यास केले एकाच वेळी, आणि परीक्षेत जो जास्त पक्का होता तो वर आला."

चष्मेवाले चाचरत म्हणाले, "घर आहे, बाई. घरात काम असतंच. कुणीतरी करायला हवं."

"हवंच. मी कुठे नाही म्हणते? पण तुमच्या दुकानाच्या दारावर पाटी आहे, दुपारी बंद. त्या वेळात तुम्ही आडवे होता. कुणी येऊन शटर वाजवतं?"

"नाही. लोकांना ठाऊक आहे."

"तुमच्या झोपेची वेळ गल्लीभर सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या अभ्यासाची वेळ तिच्या घरातल्यांना ठाऊक नव्हती. तुमची बायको डबा घेऊन बाहेर जाते म्हणून ती कामावर. हिने चप्पल घातली नाही म्हणून ही रिकामी! काम पायात असतं की डोक्यात?"

जाताना बाई दारापर्यंत आल्या. "मीही दोषी आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला सगळं दिसलं होतं. दुसऱ्याच्या घरात बोलू नये म्हणून मी चहा पिऊन निघून आले."

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी स्टूल घेतलं, भिंतीवरची घंटा पेचकस लावून उतरवली आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. आई बघतच राहिली. त्यांनी तिला दुकानातला प्रसंग सांगितला. "मला कळत होतं हो," ती म्हणाली. "घरी आल्यावर आयता चहा मिळायचा, घर आवरलेलं असायचं. मला सुख वाटायचं. मी मुद्दाम नाही विचारलं, तुझा अभ्यास कधी झाला म्हणून."

मुलगी आतून आली तेव्हा बाबांना बोलायचं खूप होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "चुकलो गं. फार चुकलो. परीक्षेला पुन्हा बस. आता तुला कुणी हाक मारणार नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही कधी ओरडला नाहीत, बाबा," ती म्हणाली. "ओरडला असतात तर मला नाही म्हणता आलं असतं. तुम्ही इतक्या प्रेमाने बोलवायचात की मला वाटायचं, माझंच नियोजन कुठेतरी चुकतंय. मी ते सारखं दुरुस्त करत राहिले."

"मग पुन्हा आखू. आपण सगळे मिळून."

"नको. मी कचेरीत जाते. तिथे निदान जेवायची सुट्टी तरी ठरलेली असते."

त्या घरात त्या संध्याकाळी कुणाला जेवण गेलं नाही. पण बापाने हट्ट सोडला नाही. तो रोज एकदाच, हळू आवाजात तेच विचारत राहिला. शेवटी नोकरीवर जायच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, "बरं. एक प्रश्नपत्रिका सोडवून बघते. अख्खी. जमली तर पुढचं बोलू." बाईंच्या घरी जायला ती तयार नव्हती. इथेच जमलं पाहिजे, नाहीतर उपयोग काय, असं तिचं म्हणणं.

चष्मेवाल्यांनी भर रविवारी दुकान उघडलं नाही. आईने कपाटावरचं गाठोडं सोडून पुस्तकं पुसली. काकूंना पार्सलं स्वतः उतरवून घ्यायला सांगितलं; त्या फुगल्या, तर फुगू दिलं. मुलगी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाहेर नवराबायको श्वास रोखून बसले. भांडं नाही वाजलं, फोन नाही वाजला, कुणी खोकलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने आत खुर्ची सरकली. दार उघडलं. "बोलावलंत का, बाबा?"

"नाही गं. बस तू."

दार लागलं. पुन्हा शांतता. आणि पुन्हा खुर्ची सरकली. या वेळी तिच्या हातात पेन नव्हतं. "आई, काही हवंय?"

"काही नको, राजा. तू लिही."

तिसऱ्या वेळी दार उघडलं तेव्हा तिने काही विचारलं नाही. ती उंबऱ्यात उभी राहिली, रिकाम्या भिंतीकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "कुणी बोलावत नाहीये, हे मला कळतंय, बाबा," ती म्हणाली. "तरी उठल्यावाचून राहवतच नाही! बसवतच नाही मला." चष्मेवाल्यांनी तिला जवळ घेतलं. आयुष्यभर लोकांच्या नजरा दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी लेकीच्या पाठीवर हात फिरवण्यापलीकडे काही सुचलं नाही. प्रश्नपत्रिका अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. पण वेळापत्रकाचा नवा कागद भिंतीवर लागला आहे. त्यात या वेळी लांब उतारे नाहीत, तर्क नाहीत. सध्या फक्त एवढंच लिहिलं आहे: रोज संध्याकाळी दार लावून, काहीही वाचत, न उठता बसायचं. आज जेवढं जमेल त्याहून उद्या थोडं जास्त. तिच्या गतीने. आणि त्या वेळात स्वयंपाक चष्मेवाले करतात, अळणी किंवा खारट, पण कुणाला हाक न मारता.

तिला पुढच्या वर्षी प्रवेश मिळेल का? वाचकहो, मला ठाऊक नाही. मिळो, असं आपण सगळे म्हणू. पण गेलेलं वर्ष कुणी परत देणार नाही, आणि ते कुणा दुष्टाने नेलेलं नाही. ते तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनी नेलं आहे. म्हणून कळकळीने सांगणं आहे. घरी असणं म्हणजे रिकामं असणं नव्हे! घरात बसून शिकणाऱ्याचा वेळ हा त्याचा आहे, तो घराच्या सामाईक डब्यातला नाही. तुमच्याही घरात कुणीतरी बंद दाराआड पुस्तक उघडून बसलेलं असेल. तुमच्या ओठांवर त्याचं नाव आलं असेल, काम खरंच दोन मिनिटांचं असेल. ते तुम्हीच उठून करा.